साहेबांच्या कोठडीची कडी

गुण्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन, कोपरा सरळ आहे की वाकडा ते सांगणारा. हा माणूस तो सदानकदा खिशात घेऊन फिरायचा. कुणाकडे चहाला गेला तरी आधी खिडकीच्या चौकटीला लावून बघायचा आणि मग कपाला हात घालायचा. “वाकडी आहे हो तुमची चौकट,” असं यजमानाच्या तोंडावर सांगायलाही कमी करायचा नाही. असल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? बांधकाम खात्याच्या दुरुस्ती विभागात सुतार म्हणून लागला आणि तिथेच पिकला. शाळांचे बाक, दवाखान्यांची दारं, कचेऱ्यांची कपाटं, सरकारी लाकूड जिथे कुरकुरलं तिथे गुण्याला धाडायचे.

त्याला एकच धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून भाऊ कमी आणि मुलगा जास्त. गुण्याने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि आरोग्य खात्याच्या कोठारावर कारकून म्हणून चिकटवलं, तेव्हा याला आकाश ठेंगणं झालं. हातात पटाशी न धरता पगार घेणारा घराण्यातला पहिला माणूस! धाकट्याला खोड म्हणाल तर एकच होती. न्हाणीघरात शिरला की आतून कडी लावायची, गाणी म्हणत बसायचं, आणि घरादाराची रांग लागली तरी बाहेर यायचं नाही. गुण्याची बायको दारावर लाटणं आपटायची.

“भाऊजी, टाकी रिकामी झाली, आता तरी या!”

“वहिनी, शेवटचं कडवं!” आतून आवाज यायचा. ते शेवटचं कडवं कधीच शेवटचं नसायचं.

तर त्या आरोग्य खात्याचे मोठे साहेब होते. त्यांनी दवाखान्यांसाठी श्वास देणारी यंत्रं मागवली. पैसे गेले, यंत्रं काही आली नाहीत. पण आली म्हणून कोठारात सही तर हवी. साहेबांनी धाकट्याला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली, पाठीवर हात ठेवला. “माल रस्त्यात आहे रे, तू करून टाक.” साहेबाचा हात पाठीवर पडला की आपला माणूस विरघळतोच. धाकटा अगदी धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणणार नाही. सही केली ती केलीच, आणि पुढे त्या यंत्रांवाचून दवाखान्यात माणसं तडफडून गेली हेही खोटं नाही. धाकट्याला ते कळलं तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता.

बोंबाबोंब झाली, चौकशी बसली, आणि नेमकं तेव्हाच साहेबांच्या छातीत दुखायला लागलं. उपचाराला म्हणून परदेशी गेले ते गेलेच. धाकट्याच्या छातीत काही दुखलं नाही, त्यामुळे तो घरीच सापडला. जामिनाला उभा केला तर कोर्ट म्हणालं, एक आरोपी पळालाय, हाही पळेल. वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला सुळी. अहो, पळायला पासपोर्ट लागतो, याच्याकडे तर सायकलसुद्धा गुण्याची होती.

बरं, तुरुंगात घातलंत तर घातलंत, खटला तरी चालवा. तर तेही नाही. मुख्य आरोपी साहेब, ते आल्याशिवाय खटला उभा राहायचा नाही. धाकट्याचा वेगळा चालवा म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की मूळ कागद साहेबांना परत आणण्यासाठी परदेशातल्या कोर्टात पाठवलेत, ते आल्यावर बघू. कागद तिकडे, साहेब तिकडे, आणि इकडे कोण, तर धाकटा. त्याला कच्चा कैदी म्हणतात, म्हणजे ज्याचा गुन्हा अजून ठरायचा आहे तो. ठरायची वाट बघत बघत त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले.

म्हणून गुण्याच्या घरात देवापेक्षा जास्त आठवण साहेबांची निघायची. साहेब कधी येणार? साहेब आले की खटला, खटला झाला की काय ती शिक्षा, आणि शिक्षा झाली तरी ती आत बसून आधीच भोगून झालेली. सरकारची वकीलबाई म्हणायची तसं अगदी, “काही करून तो माणूस विमानात बसला पाहिजे.”

ही वकीलबाई एकदम सरळ. चष्मा डोक्यावर, पिशवी फाटकी, आवाज फौजदाराचा. परदेशी कोर्टात आपल्या सरकारची बाजू तीच तयार करायची. सुरुवातीला तिकडचं कोर्ट म्हणालं, आरोपी परत देण्याचा तुमचा आमचा करार कुठाय? करार झाला. मग म्हणालं, तुम्ही ज्याला गुन्हा म्हणता तो आमच्या कायद्यात गुन्हा आहे का ते दाखवा. दाखवला. मग साहेब म्हणाले, माझ्यावर राजकीय सूड उगवतायत. त्याचा निकाल लागता लागता इकडचं सरकार बदललं, तेव्हा नव्या सरकारचा सूड म्हणून पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं संपलं आणि मग निघाला तुरुंगाचा प्रश्न. साहेबांच्या वकिलाने सांगितलं, यांच्या तुरुंगात माणसं खच्चून भरलेली असतात, हवा नाही, उजेड नाही, चारचौघांसमोर संडासला बसावं लागतं, अशा ठिकाणी माझ्या आजारी अशिलाला पाठवणं अमानुष आहे.

आता यातलं खोटं काय होतं? काहीच नाही. धाकटा तिथेच तर राहत होता! पण तो राहिला तर ते माणसासारखं, आणि साहेब राहिले तर अमानुष.

तिकडच्या कोर्टाने विचारलं, साहेबांना नेमकं कुठे ठेवणार ते फोटो काढून दाखवा. सरकारची झाली पळापळ. तुरुंगाच्या टोकाला एक जुनी खोली होती, तुटक्या खाटा टाकायची. तीच साहेबांची कोठडी करायचं ठरलं. गवंडी आला, नळवाला आला, आणि लाकूडकामाला कोण, तर बांधकाम खात्याचा गुण्या.

तुरुंगाच्या अधीक्षकांना ठाऊक होतं की याचा भाऊ पलीकडच्या बराकीत आहे. ते मुरलेले गृहस्थ. म्हणाले, “उलट बरंय. मिस्त्री, तुमच्याइतकं मनापासून हे काम कोण करणार? साहेब आले की तुमचा भाऊ सुटला समजा. अगदी घरासारखी खोली झाली पाहिजे.”

गुण्याने खरोखर जीव ओतला. खिडकी मोठी केली, चौकट अशी बसवली की गुण्या लावला तर केसभर फट दिसू नये. भिंतीत पुस्तकांसाठी फळी केली. लिहायला मेज केलं आणि त्याच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून घासून गोल केल्या. बायको म्हणाली, “ज्याने आपलं घर बुडवलं त्याच्यासाठी कडा घासताय?”

“त्याच्यासाठी नाही गं,” गुण्या म्हणाला. “फोटोसाठी.”

तिने पदराने डोळे पुसले आणि डबा भरून दिला.

याच दिवसांत एका भेटीला गुण्या धाकट्याला म्हणाला होता, “काय हवंय सांग, पुढल्या वेळी आणतो.” भेट म्हणजे मधे दुहेरी जाळी, दोन्हीकडे माणसं, आणि सगळे एकदम ओरडणारे. धाकटा खोकत होता. त्या वर्षी त्याला खोकला लागला तो लागलाच. तो हसला आणि ओरडून म्हणाला, “आणण्यासारखं काही नाही रे दादा! फक्त एकदा आतून कडी लावून बसायचंय. इथं संडासाला गुडघ्याएवढी भिंत आणि समोर रांग. सुटलो ना, की पहिलं काम ते. वहिनीला म्हणावं लाटणं तयार ठेव!”

गुण्याही हसला. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली.

कोठडीतलं शेवटचं काम राहिलं होतं संडासाचं. तिकडच्या कोर्टाने मुद्दाम लिहिलं होतं की आडोसा हवा, दार हवं. गुण्याने दार केलं. चांगलं जाड, तीन बिजागऱ्यांवर बसवलेलं, एका बोटाने ढकललं तरी आवाज न करता फिरणारं. आणि दार झाल्यावर त्याने आतल्या बाजूने एक पितळी कडी बसवली. कुणी सांगितली नव्हती. आराखड्यात नव्हती. घरातल्या पेटीत होती, जुन्या कामातली उरलेली, ती त्याने आदल्या दिवशी राखेने घासून चकचकीत केली होती. स्क्रू पिळताना त्याच्या डोक्यात साहेब नव्हतेच. कोण होतं ते तुम्हाला सांगायला नको.

अधीक्षकांनी दार उघडून बघितलं, लावून बघितलं, “झकास” म्हणाले. वकीलबाईने फोटो काढवले, खिडकीचे, मेजाचे, दाराचे. कडी सगळ्यांनी पाहिली आणि कुणाच्याच डोळ्यांत भरली नाही, कारण त्या प्रत्येकाच्या घरी तशीच कडी होती. फोटो गेले. सरकारने सोबत हमीही दिली की ही कोठडी फक्त साहेबांसाठी राखून ठेवली आहे, दुसऱ्या कुणालाही तिथे ठेवणार नाही.

त्या हमीने घोळ केला. धाकट्याचा खोकला वाढला. तुरुंगाच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं खराब होतायत, याला हवेशीर जागी हलवा. गुण्या अधीक्षकांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. सरकारी नोकरीत आयुष्य गेलं, पण कुणाच्या टेबलासमोर त्याने कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले.

“साहेब, ती खोली रिकामीच आहे. ते मोठे साहेब येईपर्यंत तरी माझ्या भावाला...”

“मिस्त्री, तुम्हाला कळत नाही का?” अधीक्षक म्हणाले. “आपण परदेशी कोर्टाला शब्द दिलाय. तिथे दुसरा कैदी ठेवला आणि त्यांना कळलं, तर केस गेली. तुमच्याच भावाचं नुकसान.”

“पण तो खोकून खोकून...”

“मलाही वाईट वाटतं हो,” अधीक्षक म्हणाले, आणि खरंच वाटत असावं, कारण त्यांनी पाणी मागवलं. “पण माझे हात बांधलेत.”

म्हणजे बघा कसं. मोठी खिडकी, उजेड, नवा पंखा, आणि आत माणूस नाही. पंखा अडकू नये म्हणून आठवड्यातून एकदा एक शिपाई आत जाऊन तो थोडा वेळ चालू ठेवायचा. भिंतीपलीकडे बराकीत माणसं एकमेकांच्या घामात झोपायची. संताप येतो नुसता. पण संताप करून कुणाचं काय वाकडं झालंय?

एक दिवस अधीक्षकांनी गुण्याला बोलावणं धाडलं. त्याला वाटलं, साहेब निघाले! हत्यारांची पिशवी तशीच टाकून तो आला. खोलीत वकीलबाई बसली होती. चष्मा डोक्यावर नव्हता, हातात होता, आणि ती तो पुसत होती.

“मिस्त्री, संडासाच्या दाराला आतून कडी कुणी लावली?”

“मी,” गुण्या म्हणाला.

“कुणी सांगितली होती?”

“कुणी नाही, बाई.”

वकीलबाई रागावेल असं त्याला वाटलं, पण तिचा फौजदारी आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तिने हळूहळू सांगितलं. परदेशातल्या कोर्टात साहेबांच्या वकिलाने फोटो मोठा करून पडद्यावर लावला. आमच्या माणसाला विचारलं, तुमच्या तुरुंगाच्या नियमांत कैद्याला आतून बंद करता येईल अशी कडी चालते का? नाही चालत, असं म्हणावंच लागलं. मग तो म्हणाला, याचा अर्थ ही खोली माणूस ठेवायला बांधलेलीच नाही, फोटो काढायला बांधलीय. आणि माणूस ठेवायलाच बांधली असेल, तर त्याहून वाईट. साहेबांच्या डॉक्टरांचा दाखला आहे की त्यांना घोर निराशा आलीय, ते जिवाचं बरंवाईट करतील. असा माणूस आतून कडी लावून बसला, तर त्याला वाचवणार कोण? न्यायाधीशांनी दोन्ही म्हणणी मानली. साहेबांना पाठवायचं नाही.

“इतकी वर्षं लढलो,” वकीलबाई म्हणाली, “आणि घोडं अडलं ते एका कडीवर.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि साहेब? ते म्हणे कोर्टातून हसत बाहेर पडले. घोर निराशेतला माणूस इतका छान हसू शकतो, हे त्या डॉक्टरांनी दाखल्यात लिहायला हवं होतं.

अधीक्षकांनी मात्र तोंड सोडलं. घरासारखी खोली करा म्हणणारे तेच, झकास म्हणणारे तेच, पण आता सगळं खापर सुताराच्या डोक्यावर.    गुण्याने फक्त इतकंच विचारलं, “बाई, आता माझ्या भावाचं?”

वकीलबाईने त्याच्याकडे बघितलं नाही. “अपील करू. कडी काढा, भोकं बुजवा, नवे फोटो पाठवू. अपिलाला वेळ लागतो मिस्त्री. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.”

“आणि तोवर ती खोली?”

“राखूनच ठेवावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गुण्या कडी काढायला गेला. शिपाई कोठडीच्या उंबऱ्याशी तंबाखू मळत उभा राहिला. गुण्या संडासात शिरला, दार लोटलं, आणि काढायच्या आधी कडी लावली. छान लागली. खट् असा बारीक आवाज झाला आणि बाहेरचं जग बाहेर राहिलं. तो भिंतीला टेकला. पलीकडे बराक होती. कितीतरी माणसं एकदम बोलत होती, भांडत होती, कुणीतरी भांडी आपटत होतं, आणि त्या सगळ्यात एक खोकला होता. तान्हा असल्यापासून ज्याच्या छातीला तेल चोळलं, त्याचा खोकला ओळखायला डोळे लागत नाहीत. गुण्याने तोंडात रुमाल कोंबला आणि तो रडला. ढसाढसा रडला.

“ओ मिस्त्री, झालं का?” शिपायाने दार वाजवलं.

“शेवटचा स्क्रू,” गुण्या आतून म्हणाला.

मग त्याने कडी काढली, भोकांत पुट्टी भरली, वरून रंगाचा हात मारला. पुन्हा फोटो निघाले. काम इतकं सफाईचं झालं की कडी होती कुठे ते त्याचं त्यालाही सापडलं नसतं.

भेटीच्या दिवशी बायको म्हणाली, “भाऊजींना कडीचं सांगू नका. साहेब आले नाहीत एवढंच सांगा.” गुण्या हो म्हणाला. पण हा माणूस लोकांच्या चौकटी तोंडावर वाकड्या ठरवणारा, याच्याने लपवणं कुठलं जमायला?

जाळीपलीकडे धाकटा आला. हाडांचा सापळा. पण केस ओले करून नीट विंचरले होते. त्यालाही निकालाची तारीख माहीत होती.

“काय झालं दादा? येतायत?”

“नाही.”

धाकट्याने जाळी धरली. “का? आता काय निघालं?”

आजूबाजूला सगळे ओरडत होते. गुण्यालाही ओरडूनच सांगावं लागलं. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सांगितलं. कोठडी मी बांधली, संडासाचं दार मी केलं, आणि आतून कडी मी लावली. तू म्हणाला होतास ना, म्हणून हात आपोआप गेला. त्या कडीवरून नाही म्हणाले. तुला मीच इथे अडकवला रे, शिव्या दे मला, काय वाटेल ते बोल.

 धाकट्याला खोकल्याची उबळ आली, ती गेली. गुण्या वाट बघत होता. शिवी आली असती तर त्याने ती डोक्यावर घेऊन घरी नेली असती.

घंटा झाली. शिपाई जाळीवर काठी वाजवत आला, चला, चला. धाकटा वळला, दोन पावलं गेला, आणि पुन्हा जाळीशी आला. त्याने तोंड अगदी जवळ आणलं, त्यामुळे त्याला ओरडावं लागलं नाही.

“दादा,” तो म्हणाला, “ते मी सहज बोललो होतो रे.”